ऑपरेशननंतरचे आठ आठवडे

आतड्याच्या किंवा जठराच्या कॅन्सरचे ऑपरेशन पार पडले की घरात सुटकेचा नि:श्वास टाकला जातो. सर्जन बाहेर येऊन 'गाठ पूर्ण निघाली' असे सांगतात, नातेवाईक ही बातमी फोनवरून सगळ्यांना कळवतात आणि आठ-दहा दिवसांनी रुग्ण घरी येतो. डिस्चार्ज कार्डाच्या तळाशी घाईत लिहिलेली एक ओळ असते : 'रिपोर्ट घेऊन ओपीडीत दाखवणे.' कोणत्या तारखेला दाखवायचे, कोणाला दाखवायचे आणि उशीर झाला तर काय बिघडते, यातले काहीच त्या ओळीत नसते. पुढे केमोथेरपी लागणार असेल, तर मधले आठवडे नेमके याच ओळीमुळे हातातून निसटतात.

मीरा-भाईंदर महापालिकेच्या हद्दीत, उत्तनला लागून, समुद्रकाठी पाली हे कोळ्यांचे गाव आहे. पत्त्यावर हे गाव महानगरात मोडते. पण परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात जायचे तर आधी बस किंवा रिक्षाने डोंगरी, मोर्वा, राई, मुर्धा करत भाईंदर स्टेशन गाठायचे, मग लोकलने दादर किंवा प्रभादेवी आणि तिथून पुढे रुग्णालयाची रांग. धडधाकट माणसाचा यात अख्खा दिवस जातो. पोटावर ताजे टाके असलेल्याला तर 'जरा बरे वाटू दे, मग जाऊ' असेच वाटणार. या 'मग'ची वैद्यकीय किंमत किती, याचा हिशेब वाचकांपुढे मांडायला हवा. तो बराचसा उपलब्ध आहे आणि वाटतो तितका अवघडही नाही.

मुळात गाठ काढून टाकल्यावर औषध कशाला, हा प्रश्न रास्त आहे. सर्जनला दिसते ते सर्जन काढतो. पण ऑपरेशनच्या आधीच गाठीतून सुटलेल्या काही पेशी रक्तातून किंवा लसिकावाहिन्यांतून यकृतात, फुप्फुसात, पोटाच्या आवरणात जाऊन बसलेल्या असू शकतात. त्या इतक्या थोड्या असतात की स्कॅनमध्ये येत नाहीत. दोन-तीन वर्षांनी जो कॅन्सर 'परत आला' असे आपण म्हणतो, तो बहुतेक वेळा या पेशींतून वाढलेला असतो. त्यांना वेळीच गाठण्यासाठी दिलेली केमो ही खबरदारीची केमो. तिचा ठोस पुरावा मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये मिळाला. आजूबाजूच्या लसिकाग्रंथींपर्यंत आजार पोचलेल्या, म्हणजे तिसऱ्या टप्प्यातल्या रुग्णांना ऑपरेशननंतर फ्लुरोयुरॅसिल आणि त्याच्या जोडीला लेव्हामिसोल दिल्यास मृत्यूचा धोका सुमारे एक-तृतीयांशाने घटतो, असे अमेरिकेत चार्ल्स मोअर्टेल आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये दाखवून दिले. पुढे लेव्हामिसोल मागे पडले. २००४ मध्ये मोझेक या चाचणीने फ्लुरोयुरॅसिलच्या जोडीला ऑक्झॅलिप्लॅटिन आणले आणि ती जोडी आजही वापरात आहे. या चाचणीत एक अट होती, ती आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे : ऑपरेशननंतर सात आठवड्यांच्या आत औषध सुरू झाले पाहिजे. म्हणजे ज्या पुराव्याच्या आधारावर हे औषध दिले जाते, तो पुरावाच सात आठवड्यांच्या चौकटीतला आहे.

ऑपरेशननंतर मागे राहिलेल्या पेशी गप्प बसत नाहीत, हे आधीपासून ठाऊक होते. मूळ गाठ काढली की इतरत्र उरलेल्या पेशी काही काळ अधिक वेगाने विभागू लागतात, असे बर्नार्ड फिशर यांच्या गटाला उंदरांवरील प्रयोगांत दिसले. त्यामागची कारणे समजण्यासारखी आहेत. जखम भरून यावी म्हणून शरीर वाढीला चालना देणारी द्रव्ये सोडते. ती जखमेच्या पेशींना मिळतात, तशी चुकार कॅन्सरपेशींनाही मिळतात. शिवाय मोठ्या ऑपरेशननंतर प्रतिकारशक्ती काही दिवस मंदावते. औषधाच्या बाजूने पाहिले, तर केमो विभागणाऱ्या पेशींवर चालते आणि लहान वसाहतीत विभागणाऱ्या पेशींचे प्रमाण जास्त असते. वसाहत मोठी झाली की वाढ संथ होते, औषधाला न जुमानणाऱ्या पेशी निपजण्याची शक्यता वाढते आणि तेच औषध तोकडे पडते.

आता आकडा. २०११ मध्ये कॅनडातील बियाजी आणि सहकाऱ्यांनी मोठ्या आतड्याच्या व गुदाशयाच्या कॅन्सरवरील दहा अभ्यास एकत्र तपासले. त्यात १५,४१० रुग्ण होते. ऑपरेशन आणि केमो यांच्यातले अंतर दर चार आठवड्यांनी वाढले की मृत्यूचा धोका सुमारे १४ टक्क्यांनी वाढलेला दिसला. कोविडच्या पहिल्या वर्षात, जेव्हा लोकल बंद होत्या आणि जगभर उपचार खोळंबले होते, तेव्हा ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या मोठ्या आढाव्यातही आतड्याच्या कॅन्सरसाठी जवळपास त्याच मापाचा आकडा निघाला. हे १४ टक्के ऐकून काही जण समजतात की चार आठवडे उशीर केला म्हणजे शंभरातले चौदा जण जास्त दगावतात. तसे नाही. समजा वेळेवर औषध घेणाऱ्या शंभर रुग्णांपैकी ठरावीक काळात तीस जण दगावणार असतील, तर चार आठवड्यांच्या उशिराने ती संख्या तेहतीस-चौतीसच्या घरात जाते. तीन-चार माणसे. कागदावर हा फरक किरकोळ दिसतो. पण कित्येक महागडी नवी औषधे याहून कमी फायद्यावर मान्यता मिळवतात, आणि इथे तो फायदा कॅलेंडरकडे लक्ष ठेवल्याने मिळतो.

या आकड्यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो योग्य आहे. ज्यांची केमो उशिरा सुरू झाली, ते मुळातच जास्त आजारी असणार : कोणाला जंतुसंसर्ग झाला असेल, कोणाला आधीपासून हृदयविकार असेल, कोणी एकटे राहत असेल. मग वाईट निकालाचे खापर उशिरावर फोडायचे की या बाकीच्या गोष्टींवर? अभ्यासकांनी गणिताने हा भाग वेगळा काढण्याचा प्रयत्न केला आहे, पण तो पूर्ण वेगळा निघत नाही. आणि अर्ध्या रुग्णांना मुद्दाम तीन महिने थांबवून पाहू, असा प्रयोग कोणी करणार नाही, करूही नये. म्हणून सहाव्या आठवड्यापर्यंत सारे ठीक आणि सातव्यात घात, अशी रेघ कोणी ओढू नये. आतड्याच्या कॅन्सरमध्ये साधारण चौथ्या ते आठव्या आठवड्याच्या दरम्यान सुरुवात व्हावी, यावर जगभर बऱ्यापैकी एकमत आहे. युरोपातील कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांतही आठ आठवड्यांचाच उल्लेख आहे. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायला हवी. हे आठवडे ऑपरेशनच्या दिवसापासून मोजायचे आहेत. घरी आल्यापासून नव्हे, रिपोर्ट हाती पडल्यापासूनही नव्हे.

मग दुसऱ्याच दिवशी का सुरू करत नाहीत? हेही करून पाहिले गेले आहे. ऑपरेशन संपताच यकृताकडे जाणाऱ्या शिरेत नळी घालून आठवडाभर फ्लुरोयुरॅसिल सोडायचे, ही कल्पना १९७०-८० च्या दशकांत इंग्लंडमध्ये जोरात होती. सुरुवातीचे निकाल आशादायक होते. पुढे ॲक्सिस या मोठ्या चाचणीत तो फायदा जवळजवळ विरून गेला. घाईचे तोटे मात्र खरे असतात. आतड्याचा रोगट तुकडा काढून दोन टोके जोडलेली असतात. तो जोड भरून येण्यासाठी तिथल्या पेशींनी विभागायचे असते आणि केमो नेमकी विभागणाऱ्या पेशींवरच घाव घालते. जोड कच्चा असताना औषध पडले आणि तो सुटला, तर पोटात पू होऊन पुन्हा ऑपरेशनची वेळ येऊ शकते. केमोमुळे पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात, तेव्हा साधा संसर्गही जिवावर बेतू शकतो. म्हणून पहिले तीन-चार आठवडे शरीराचे, असे धरून चालावे.

हे झाले आतड्याचे. पचनसंस्थेतल्या प्रत्येक अवयवाला हेच माप लावता येत नाही. मनोहर पर्रीकर यांच्या आजारपणापासून ज्याचे नाव मराठी घरांत सर्रास घेतले जाऊ लागले, तो स्वादुपिंडाचा कॅन्सर घ्या. इथले ऑपरेशन मोठे असते : स्वादुपिंडाचे डोके, लहान आतड्याचा पहिला भाग, पित्ताशय, पित्तनलिका असे बरेच काही काढून नव्याने जोडावे लागते. माणूस सावरायला दोन-दोन महिने घेतो. युरोपातील एस्पॅक-३ या चाचणीतील ९८५ रुग्णांचा २०१४ मध्ये केलेला अभ्यास इथे फार बोलका आहे. केमो आठ आठवड्यांच्या आत सुरू झाली की बारा आठवड्यांपर्यंत लांबली, याने आयुर्मानात फारसा फरक पडला नाही. फरक पडला तो ठरलेली सहाच्या सहा आवर्तने पूर्ण झाली की नाहीत, याने. अर्धवट सावरलेल्या माणसाला घाईने औषधावर चढवायचे आणि तिसऱ्या आवर्तनानंतर त्याने हात टेकायचे, यापेक्षा दोन-तीन आठवडे थांबून तो शेवटपर्यंत टिकेल असे पाहणे शहाणपणाचे. पुढे फ्रान्स आणि कॅनडातल्या प्रोडीज-२४ चाचणीत तीन-चार औषधांचा अधिक जोरकस संच दिला गेला आणि निम्मे रुग्ण जगण्याचा काळ ३५ महिन्यांवरून ५४ महिन्यांवर गेला. तिथेही सुरुवातीची मुभा बारा आठवड्यांपर्यंत होती. पित्ताशय आणि पित्तनलिकेच्या कॅन्सरमध्येही, जो उत्तर भारतात जास्त आढळतो, साधारण अशीच सवलत धरतात.

जठराच्या बाबतीत डॉक्टरांनी वेगळाच मार्ग काढला. जठर काढलेल्या माणसाला खाणे जात नाही, वजन झपाट्याने उतरते आणि केमो लांबत जाते. ब्रिटनच्या मॅजिक चाचणीत, जिचे निष्कर्ष २००६ मध्ये आले, ऑपरेशनच्या आधी आणि नंतर अशी दोन्हीकडे केमो ठरवलेल्या २५० रुग्णांपैकी २१५ जणांनी आधीचा भाग पूर्ण केला. नंतरचा भाग सुरू तरी करू शकले ते फक्त १३७. ऑपरेशनआधी जे सहज जमले, ते ऑपरेशननंतर जवळपास निम्म्यांना जमले नाही. म्हणून आता जठराच्या आणि अन्ननलिकेच्या बऱ्याच रुग्णांना आधी औषध आणि मग ऑपरेशन हा क्रम सांगितला जातो. गुदाशयाच्या कॅन्सरमध्येही रेडिएशन आणि केमोचा मोठा भाग आधीच उरकण्याकडे कल आहे. 'आधी गाठ काढा ना, वाढत राहिली तर?' असे म्हणून अनेक कुटुंबे या क्रमाला विरोध करतात आणि तासाभरात ऑपरेशनची तारीख देणारे रुग्णालय शोधतात. त्यांनी मॅजिकचे हे आकडे जरूर डोळ्यांखालून घालावेत. यकृतात सुरू होणाऱ्या नेहमीच्या कॅन्सरमध्ये तर ऑपरेशननंतर केमोचा फायदा सिद्धच झालेला नाही, म्हणून ती देण्याची रीत नाही. म्हणजे शेजारच्या घरात अमुक झाले म्हणून आपल्याकडेही तसेच, हे गणित इथे चालत नाही.

आतड्याच्या कॅन्सरमध्येही सगळ्यांनाच केमो लागत नाही. पहिल्या टप्प्यात ती नको, तिसऱ्यात हवी, आणि दुसऱ्यात विचार करून ठरवायची. हा निर्णय पॅथॉलॉजीच्या अंतिम रिपोर्टवर उभा असतो : किती लसिकाग्रंथी तपासल्या (किमान बारा तपासलेल्या असाव्यात), त्यांतल्या किती बाधित, आतडे फुटले होते का, कडा स्वच्छ आहेत का. पेशींतली जनुकीय दुरुस्तीची यंत्रणा शाबूत आहे की नाही, ही तपासणीही आता महत्त्वाची झाली आहे. ती बिघडलेली असेल, तर दुसऱ्या टप्प्यात फ्लुरोयुरॅसिलचा उपयोग होत नाही. ऑस्ट्रेलियातील डायनॅमिक या चाचणीने २०२२ मध्ये आणखी पुढचे पाऊल टाकले. दुसऱ्या टप्प्यातल्या रुग्णांचे रक्त ऑपरेशननंतर चौथ्या आणि सातव्या आठवड्यात तपासून त्यात कॅन्सरच्या डीएनएचे तुकडे सापडले तरच केमो द्यायची, असे ठरवले. केमो घेणाऱ्यांचे प्रमाण २८ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आले आणि दोन वर्षांत आजार उलटण्याचे प्रमाण मात्र वाढले नाही. आपल्याकडे ही तपासणी अजून महाग आहे. तिच्या वेळापत्रकावरून एवढे मात्र कळते की चौथा ते सातवा आठवडा हा निर्णयाचा काळ आहे.

हा काळ आपल्याकडे जातो कुठे? आधी रिपोर्टमध्ये. तो यायला आठ-दहा दिवस लागतात, जादा तपासण्या असतील तर आणखी. तोवर रुग्ण घरी गेलेला असतो आणि रिपोर्ट तयार असल्याचे त्याला कोणी कळवत नाही. मीरा रोड-भाईंदरच्या एखाद्या खासगी रुग्णालयात ऑपरेशन करून केमोसाठी टाटाला जायचे ठरले, तर तिथे नुसता रिपोर्ट चालत नाही. काढलेल्या गाठीचे मेणात बसवलेले ठोकळे आणि काचपट्ट्या, म्हणजे 'ब्लॉक आणि स्लाइड', मागितल्या जातात. त्या आणायला पहिल्या रुग्णालयाच्या लॅबमध्ये अर्ज, मग टाटात फेरतपासणी. दुसरे कारण पैशाचे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे आणि केमोही त्यात बसते. पण रेशनकार्डावरचे नाव आणि आधारवरचे नाव जुळत नसेल, तर ते दुरुस्त करण्यात पंधरा दिवस सहज जातात. योजनेत असलेल्या रुग्णालयांत आरोग्यमित्र बसतात. ऑपरेशनच्या वेळीच त्यांना केमोचे काय, असे विचारून ठेवले तर ही धावपळ दोनदा करावी लागत नाही.

तिसरे कारण घरातले, आणि तेच सर्वांत चिवट. 'चाकू लागला की कॅन्सर पसरतो', 'केमोने माणूस खचतो', 'आता चांगला चालतोय, जेवतोय, कशाला पुन्हा त्या वाटेला', हे सांगणारे प्रत्येक गल्लीत भेटतात. यात वाईट हेतू नसतो. ज्यांची केमो नीट पार पडली, ते त्याबद्दल फारसे बोलत नाहीत. ज्यांचा आजार शेवटच्या टप्प्यात कळला, त्यांची केमो मात्र सगळ्या गावाने पाहिलेली असते. त्या दोन केमो वेगळ्या. एक पसरलेल्या आजाराला थोपवण्यासाठी, दुसरी आजार परतू नये म्हणून. हे समजावून सांगण्याची जबाबदारी डॉक्टरांची आहे आणि ओपीडीतल्या तीन मिनिटांत ती पार पडत नाही, हेही मान्य करावे लागेल.

पालीसारख्या गावात आणखी एक कारण असते, जे डॉक्टरांच्या कागदावर कधीच येत नाही : हंगाम. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. बोटी किनाऱ्याला लागलेल्या, माणसे घरी, म्हणून अंगावर काढलेली दुखणी याच दिवसांत दवाखान्यात पोचतात. जूनअखेर ऑपरेशन झाले तर केमोची वेळ येते ऑगस्टमध्ये, म्हणजे बोटी पाण्यात उतरतात तेव्हा. दोन महिने कमाई शून्य, डिझेल-बर्फाची उधारी डोक्यावर, नाखवा आजारी असेल तर खलाशांचाही खोळंबा. रुग्ण घरातली बाई असेल तर तिला परळला न्यायला माणूस मोकळा नाही, कारण तो आठवडाभर खोल समुद्रात. अशा घराला 'उशीर करू नका' असे नुसते बजावणे सोपे आहे. बंदीच्या काळात ऑपरेशन ठरतानाच पुढचे वेळापत्रकही समोर मांडले, ऑगस्टात दर तीन आठवड्यांनी एक दिवस लागेल हे जूनमध्येच सांगितले, तर घर त्याची काहीतरी व्यवस्था करते. लोक बोटीचे वेळापत्रक भरती-ओहोटीवर बसवतात. त्यांना तारखा सांभाळायला शिकवण्याची गरज नाही, तारखा वेळेवर सांगण्याची आहे.

कोळीवाड्यांच्या दृष्टीने एका औषधाचा विचार वेगळा करायला हवा. ऑक्झॅलिप्लॅटिन घेतल्यावर थंड वस्तूला हात लागला की बोटांत विजेसारख्या मुंग्या येतात, थंड पाणी प्यायल्यास घसा आवळल्यासारखा होतो. जिचा दिवस बर्फातली मासळी निवडण्यात जातो, तिला हे आधी सांगितलेच पाहिजे. औषध चालू असताना बर्फाचे काम दुसऱ्याकडे द्यावे लागते. निव्वळ रबरी हातमोज्यांनी भागत नाही. पुढे हा बधिरपणा टिकूनही राहू शकतो आणि जाळी विणणाऱ्या बोटांना तो परवडणारा नाही. गोळ्यांच्या रूपातल्या केपसायटाबिनने तळहात-तळपाय लाल होऊन सोलतात, त्यात खारे पाणी आणि मासळीचे काटे. ही अडचण आपण डॉक्टरांना सांगितली तर मार्ग निघतो. आयडिया नावाच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात बारा हजारांहून अधिक रुग्णांमध्ये सहा महिन्यांऐवजी तीन महिने केमो देऊन पाहिली, त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. तिसऱ्या टप्प्यातल्या कमी धोक्याच्या गटात ऑक्झॅलिप्लॅटिन आणि केपसायटाबिनची तीन महिन्यांची केमो सहा महिन्यांच्या तोडीची ठरली आणि नसांचा लक्षणीय त्रास सुमारे ४५ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आला. तीन महिने म्हणजे चार आवर्तने. 'सहा महिने' हा शब्द ऐकूनच जे माघारी फिरतात, त्यांतल्या अनेकांना हे कोणी सांगितलेलेच नसते.

वेळेवर सुरुवात करायची तर शरीरही वेळेवर तयार हवे. ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवसापासून थोडे चालणे, लवकर तोंडाने खाणे, वेदनाशामके नेमकी देणे ही पद्धत डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केलेट यांनी रुजवली आणि आज ती बऱ्याच रुग्णालयांत पाळली जाते. घरी आल्यावर मात्र आपल्याकडे पेज आणि वरणाचे पाणी यावर महिना काढतात. मासे, अंडी बंद. का, तर 'जखम चिघळेल'. याला आधार नाही. जखम भरायला प्रथिने लागतात. जोड बरा झाला, डॉक्टरांनी साधे जेवण सुरू करायला सांगितले, की नीट शिजवलेली ताजी मासळी याहून चांगले अन्न पालीच्या माणसाला कुठून आणून देणार? कच्चे, शिळे आणि उघड्यावर वाळवलेले मात्र केमो चालू असेपर्यंत टाळलेले बरे.

काहींना थांबावेच लागते. जोड गळाला, पोटात पू झाला, न्यूमोनिया झाला, जखम उघडली, तर आठ आठवड्यांचा आग्रह धरण्यात अर्थ नाही. अशा वेळी सातत्याने सर्जनला आणि केमो देणाऱ्या मेडिकल ऑन्कॉलॉजिस्टला दाखवत राहावे, म्हणजे शरीर तयार होताच सुरुवात करता येते. आणि ज्यांचे आठ आठवडे उलटून गेले आहेत, त्यांनी 'आता काय उपयोग' म्हणून घरी बसू नये. लाभ एका रात्रीत शून्यावर येत नाही. तो हळूहळू घटतो. दहाव्या-बाराव्या आठवड्यात सुरू केलेल्या केमोनेही आतड्याच्या रुग्णांना फायदा होऊ शकतो. त्याहीपुढे गेले असेल तर टप्पा, वय आणि प्रकृती पाहून डॉक्टर ठरवतात. सत्तरीच्या पुढच्या रुग्णांना सहसा सौम्य, एकाच औषधाची केमो पुरते, हेही विचारून घ्यावे.

उशिराचे खापर रुग्णावरच फोडण्याची आपल्याकडे सवय आहे. रुग्णालयांनी काय करायला हवे, याची चर्चा त्यामानाने कमी होते. मेडिकल ऑन्कॉलॉजिस्टची पहिली भेट ऑपरेशनच्या आधीच व्हावी. डिस्चार्ज कार्डावर 'ओपीडीत दाखवणे' याऐवजी दिवस, वेळ आणि डॉक्टरांचे नाव असावे, आणि त्याखाली ऑपरेशनपासूनच्या आठव्या आठवड्याची तारीख ठळक लिहावी. रिपोर्ट तयार झाला की रुग्णाला फोन जावा. यातल्या कशालाच नवे यंत्र लागत नाही. टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने २०१२ मध्ये उभ्या राहिलेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडने देशभरातल्या रुग्णालयांसाठी समान उपचारपद्धती आखून दिल्या आहेत. त्यांची अंमलबजावणी किती दिवसांत होते, हे मोजण्याची सवय रुग्णालयांनी लावून घ्यायची बाकी आहे.

दुसरी गोष्ट अंतराची. पहिली मात्रा मोठ्या केंद्रात घ्यावी, हे ठीक. पण पुढची प्रत्येक मात्रा परळलाच का? केंद्र सरकारने २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत डे-केअर कॅन्सर केंद्रे काढण्याची, त्यांतली दोनशे त्याच वर्षी सुरू करण्याची घोषणा केली. घोषणा स्वागतार्ह आहे. पण पालीचा जिल्हा ठाणे, आणि जिल्हा रुग्णालय ठाणे शहरात. पालीहून तिथे जायला थेट लोकल नाही. भाईंदरहून घोडबंदर रस्त्याने, तिथल्या वाहतूक कोंडीतून जायचे, म्हणजे परळ परवडले. पालघरपासून रायगडपर्यंत किनाऱ्यावरच्या अनेक गावांची थोडीफार हीच गत आहे. डे-केअर केंद्राची जागा ठरवताना जिल्ह्याची हद्द न पाहता प्रवासाला लागणारा वेळ पाहावा. भाईंदर पश्चिमेला पंडित भीमसेन जोशी रुग्णालय आहे. उत्तन, पाली, चौक, डोंगरीची बस त्याच बाजूला येते. आठवड्यातले दोन दिवस तिथे प्रशिक्षित परिचारिका, औषध मिसळण्याची सुरक्षित कपाटे आणि टाटाशी व्हिडिओवरून जोडलेला डॉक्टर मिळाला, तर दर तीन आठवड्यांनी होणारी ती दिवसभराची फेरी अर्ध्या दिवसावर येईल. तोपर्यंत परळला जाणाऱ्यांनी एवढे माहीत करून घ्यावे की मुंबईच्या लोकलमध्ये दिव्यांगांसाठीच्या डब्यातून कॅन्सरच्या रुग्णांनाही प्रवास करता येतो आणि रेल्वेच्या भाड्यात त्यांना सवलत आहे. त्यासाठी लागणाऱ्या दाखल्याची चौकशी ऑपरेशन झालेल्या रुग्णालयातच, घरी निघण्याआधी करावी.